पूर्वीसारखे होणे आणि देवाकडे परतणे

तुमचे पत्र मी दोन-तीन वेळा वाचले. त्यातला आशय आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कोठे चुकली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही ख्रिस्ती मंडळीतच वाढलात, विशीच्या अखेरीस प्रभूवर मनापासून विश्वास ठेवलात आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे रोजची प्रार्थना, शास्त्राचे म्हणजे बायबलचे वाचन, रविवारची उपासना, गायनवृंदातील सेवा हे सारे आनंदाने केलेत. पुढच्या तीन वर्षांत हे एकेक करून सुटत गेले. घरात काही दुःखद घडले नाही, कोणाशी भांडण झाले नाही, श्रद्धेविषयी मोठी शंकाही आली नाही. 'काहीच घडले नाही आणि तरी सगळे गेले' असे तुम्ही लिहिले आहे. आता परतावेसे वाटते, पण गुडघे टेकले की शब्द सुचत नाहीत, लाज वाटते, आणि इतके दिवस ज्याची आठवणही काढली नाही त्याच्यापुढे आज उभे राहणे हा ढोंगीपणा तर नव्हे, अशी टोचणी लागते. सुरुवात कोठून करावी, किती दिवस लागतील आणि गायनवृंदात पुन्हा जावे का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे : 'मला फक्त पूर्वीसारखे व्हायचे आहे.'

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते मला तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा महत्त्वाचे वाटते. पाळक म्हणून पंचवीसहून अधिक वर्षे मी लोकांचे ऐकत आलो आहे आणि देवापासून दुरावलेली बहुतेक माणसे हेच वाक्य बोलतात. त्यात प्रामाणिकपणा असतो, पण एक फसगतही दडलेली असते. पूर्वीसारखे होणे म्हणजे त्यांच्या लेखी पूर्वीचा उत्साह, गाताना भरून येणारा गळा, वचन वाचताना ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटणे. ते सारे देवाने दिलेले होते यात शंका नाही, मात्र देणारा आणि दिलेली वस्तू यांत फरक आहे. जो मनुष्य आपल्या जुन्या उत्साहाच्या शोधात परत येतो तो महिना-दीड महिना नेटाने प्रार्थना करतो, रोज स्वतःची नाडी तपासतो, 'अजून तसे वाटत नाही' अशी मनाशी नोंद करतो आणि शेवटी निराश होऊन पुन्हा निघून जातो. तेही आधीपेक्षा लांब, कारण आता 'मी प्रयत्न करून पाहिला' असे म्हणायला त्याला आधार मिळालेला असतो. अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून प्रारंभीच विचारतो : तुम्हाला स्वतःच्या जुन्या रूपाकडे परतायचे आहे की देवाकडे? या दोन वाटा काही अंतर एकत्र चालतात, पुढे मात्र फुटतात.

'काहीच घडले नाही' हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, ऐकलेल्या गोष्टींकडे अधिक लक्ष दिले नाही तर आपण वाहवत जाऊ, असा इशारा आहे. मूळ ग्रीक क्रियापदात पाण्याबरोबर हळूच बाजूने निसटून जाण्याचा अर्थ आहे. वाहवत जायला काही करावे लागत नाही. वल्ही खाली ठेवली की पाणी आपले काम करते, आणि किनारा दिसत असतो तोवर नावेत बसलेल्याला आपण हललो असे वाटतही नाही. होशेय संदेष्ट्याने सातव्या अध्यायात एफ्राइमाविषयी, म्हणजे इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याविषयी, याहून बोचरे लिहिले आहे : त्याच्या डोक्यावर येथे-तेथे पांढरे केस दिसू लागले आहेत आणि त्याला त्याचा पत्ता नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला एक प्रसंग तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल, पण या दृष्टीने कदाचित वाचला नसेल. वल्हांडण सणानंतर मरीया आणि योसेफ यरुशलेमेहून परत निघाले, बारा वर्षांचा येशू मागेच राहिला, आणि तो सोबतच्या लोकांत असेल असे समजून ती दोघे एक दिवसाची वाट चालून गेली. त्यांनी त्याला टाकलेले नव्हते, त्याच्यावरची त्यांची माया आटलेली नव्हती. भोवती नातलग होते, ओळखीचे लोक होते, सणाहून परतणाऱ्यांची गर्दी होती. तो या सगळ्यांत आहे ना, एवढे पाहायचे राहून गेले. त्यांनी आधी नातलगांत शोध घेतला आणि तेथे तो नाही असे कळल्यावर ती आल्या वाटेने मागे फिरली. गृहीत धरण्यात एक दिवस गेला होता. तो मंदिरात सापडला तो तीन दिवसांनंतर. किती दिवस लागतील, या तुमच्या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर मी देऊ शकत नाही. दूर गेल्याचे कळतही नाही, परतायला मात्र वेळ लागतो असा माझाही अनुभव आहे.

तो अनुभव सेवेत असतानाचा आहे, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही. दर रविवारी मी उपदेश करीत होतो, आजाऱ्यांना भेटत होतो, विवाह लावत होतो, अंत्यविधी चालवत होतो. उपदेशाची तयारी टेबलावरच्या मोठ्या शास्त्रातून व्हायची. पलंगाजवळच्या खिडकीत आणखी एक लहान शास्त्र असे, ते केवळ माझ्या स्वतःच्या वाचनाचे. एका संध्याकाळी चष्मा शोधताना ते हाती आले. त्यातली तांबडी खूणफीत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात होती. पानांबाहेर लोंबणारे तिचे टोक उन्हाने फिक्कट पडले होते. शास्त्र उघडले तेव्हा आतला भाग मात्र नव्यासारखा लाल होता, आणि दोन्ही पानांवर फितीची तांबूस रेघ उमटली होती. समासात माझ्याच हातची पेन्सिलीने लिहिलेली तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. त्या सात महिन्यांत मी तीसएक उपदेश केले होते आणि त्यांतल्या एकाही रविवारी कोणाला, मला स्वतःलासुद्धा, काही कमी वाटले नव्हते.

आता निदानाकडे वळतो, कारण औषध त्यावर अवलंबून असते. प्रार्थनेतला प्रत्येक कोरडेपणा म्हणजे दुरावा असे समजू नये. क्रूसाचे संत योहान (१५४२–१५९१) या स्पेनमधील कार्मेलाइट संन्याशाने याची एक साधी खूण दिली आहे. ज्याला देव कोरड्या वाटेने पुढे नेत असतो त्याला देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातल्या इतर गोष्टींतही वाटत नाही, आणि आपण देवाची सेवा करीत नाही ही काळजी त्याला सतत पोखरत असते. वाहवत गेलेल्याचे तसे नसते. त्याची देवाच्या गोष्टींतली गोडी गेलेली असते, बाकीच्या गोष्टींतली शाबूत असते. १९९७ साली निधन पावलेल्या मदर तेरेसा यांची जी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली त्यांतून दिसते की कितीतरी दशके त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नव्हती, आणि तरीही त्या सगळ्या काळात त्यांची प्रार्थना व सेवा थांबली नाही. त्यांना कोणी 'परत फिरा' असे सांगितले असते तर तो अन्याय ठरला असता. तुमचे मात्र वेगळे आहे. पहिली दोन वर्षे काही चुकल्यासारखेही वाटले नाही, मोकळा वेळ काम आणि मोबाइल यांत मजेत गेला, असे तुम्हीच प्रांजळपणे लिहिले आहे. हा दुरावाच आहे, आणि एका परीने ते बरे, कारण दुराव्यावर करण्यासारखे बरेच काही असते.

आणखी दोन शक्यता पडताळून पाहा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून 'आता माझा प्राण घे' असे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काळजीपूर्वक वाचला तर क्रम दिसतो : तो झोपला, दूताने उठवून खाऊ घातले, तो पुन्हा झोपला, दूताने पुन्हा खाऊ घातले, त्यानंतर चाळीस दिवस व चाळीस रात्रींची वाट आणि होरेब पर्वत, 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्याच्याही नंतर आला. झोप उडाली असेल, भूक मंदावली असेल, केवळ प्रार्थनेतच नव्हे तर कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जावे. पाळक म्हणून मी अनेकांना तसे पाठवले आहे आणि त्यात विश्वासाची काही उणीव मानत नाही. दुसरी शक्यता अशी की मंडळीतल्या कोणी तरी दिलेली जखम आत राहिली आहे आणि तिच्यामुळे मनुष्य देवालाच टाळतो आहे. तुमच्या पत्रात या दोहोंची चिन्हे मला दिसली नाहीत, म्हणून येथेच थांबतो.

ढोंगीपणाच्या शंकेकडे येऊ. ढोंगी मनुष्य नसलेली जवळीक दाखवतो. तुम्ही तर जवळीक नाही हेच बोलून दाखवत आहात. तेव्हा तुमची पहिली प्रार्थना याच वस्तुस्थितीची असावी : मी तीन वर्षे तुझ्याशी बोललो नाही, मला त्याचे फारसे वाईटही वाटले नाही, आजही पुरेसे वाईट वाटत नाही, पण मी आलो आहे. एवढेच म्हणून उठलात तरी चालेल. यापुढे जाऊन जे वाटत नाही ते शब्दांनी भरून काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. जुन्या सवयीचे लोक प्रार्थनेच्या भाषेत इतके तरबेज असतात की दुरावलेपण लपवायला त्यांना तीच भाषा उपयोगी पडते. तुम्ही दहा-बारा वर्षे गायनवृंदात होता, म्हणजे तुम्हाला ही भाषा चांगलीच येत असणार. सध्या शब्द सुचत नाहीत हे म्हणूनच मला चांगले लक्षण वाटते.

उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात याच बाबतीत एक बारकावा आहे आणि तो मला दरवेळी नवा वाटतो. दूर देशात आपल्या वाट्याची मालमत्ता उडवून डुकरे चारत असताना त्या मुलाने बापापुढे म्हणायचे भाषण मनात जुळवले. त्याचे तीन भाग होते : मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्याविरुद्ध पाप केले आहे, तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या मोलकऱ्यांपैकी एकासारखे ठेवा. लूकच्या पंधराव्या अध्यायात एकोणिसावे वचन आणि एकविसावे वचन शेजारी ठेवून वाचा. घरी पोहोचल्यावर तो पहिले दोन भाग बोलला, तिसरा बोललाच नाही, कारण तेवढ्यात बाप चाकरांना उत्तम झगा आणायला सांगू लागला. पाप कबूल करण्यापासून बापाने त्याला अडवले नाही. मोलकरी होण्याची बोलणी मात्र सुरूच होऊ दिली नाहीत.

तो तिसरा भाग हाच परतणाऱ्यांचा खरा अडसर असतो. मोलकऱ्याला रोजच्या रोज मजुरी मिळते, हिशेब चोख राहतो, आणि हळूहळू झालेले नुकसान भरून देता येते. तीन वर्षांच्या गैरहजेरीची भरपाई म्हणून पहाटे चारला उठण्याचा, चाळीस दिवस उपास करण्याचा, वर्षभरात संपूर्ण शास्त्र दोनदा वाचण्याचा संकल्प लोक करतात तेव्हा मला त्या भाषणाचा तिसरा भाग ऐकू येतो. हेतू वाईट नसतो, पण त्यामागे कृपा फुकट घ्यायला न धजणारा एक अभिमान असतो. शिवाय व्यवहारातले सांगायचे तर असे संकल्प बहुधा तिसऱ्या आठवड्यात मोडतात, आणि मोडलेल्या संकल्पाची लाज मूळच्या लाजेवर चढते. म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे की पहिले तीन महिने देवाला कोणतेही वचन देऊ नका.

सुरुवात कोठून करावी याचे उत्तर मी नेहमी एका लहानशा गोष्टीतून देतो. दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात संदेष्ट्यांचे शिष्य यार्देनेच्या काठी लाकडे तोडत असतात, एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून पाण्यात पडते, आणि कुऱ्हाड उसनी आणलेली असल्यामुळे तो हवालदिल होतो. त्यांचा गुरू अलीशा संदेष्टा त्याला एकच विचारतो : ते कोठे पडले? त्याने जागा दाखवल्यावर पुढचे घडते, पाते पाण्यावर तरंगून येते. दांडा हातात आहे म्हणून कुऱ्हाड चालवत राहण्यात अर्थ नव्हता, आणि नदीभर शोधत फिरण्यातही नव्हता.

तेव्हा एखादी वही घेऊन बसा आणि गेल्या तीन-चार वर्षांत मागे जाऊन ती जागा शोधा. ती सहसा एखाद्या मोठ्या पापाची नसते. नवी नोकरी लागली आणि सकाळची वेळ गेली, ती दुसरीकडे कोठे ठेवलीच नाही. ज्याच्याबरोबर प्रार्थना करायचो तो मित्र बदलीने दूर गेला. एका विनंतीला देवाने 'नाही' म्हटले आणि आपण रागावलो, पण राग बोललो नाही. एखादी गोष्ट करू नये हे स्पष्ट कळत असतानाही केली आणि त्या दिवसापासून त्याच्यापुढे फार वेळ बसणे टाळू लागलो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना 'कोठे पडले' हे शोधायला पाच आठवडे लागले. आईच्या आजारपणात केलेली प्रार्थना आणि त्यानंतर आलेला मृत्यू यांच्यामध्ये त्यांनी देवाशी एक शब्दही न बोललेले अकरा दिवस होते. त्यानंतर त्या पुन्हा प्रार्थना करू लागल्या होत्या, पण ती दुसऱ्यांसाठी, स्वतःसाठी काही मागणे त्यांनी कायमचे सोडले होते. दुरावा तेथून सुरू झाला होता, आणि त्यांची परत येण्याची पहिली खरी प्रार्थना म्हणजे त्या अकरा दिवसांविषयीचे भांडण होते. मी ते भांडण थांबवले नाही, कारण स्तोत्रसंहितेत असली भांडणे भरपूर आहेत. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, कोणताही दिलासा न देता, आणि तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आहे.

जागा सापडली आणि तेथे जाणूनबुजून केलेले पाप निघाले तर त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. दाविद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी केलेले पाप नाथान संदेष्टा येईपर्यंत कबूल केले नव्हते. तोवर बथशेबेचे मूल जन्मलेही होते, म्हणजे निदान कित्येक महिने राजा उपासनेचे सगळे उपचार करीत गप्प राहिला असला पाहिजे. बत्तिसाव्या स्तोत्रात त्याने गप्प राहण्याने हाडे झिजल्याचे लिहिले आहे. कबुली मोघम असू नये. 'माझे सगळे अपराध क्षमा कर' या वाक्याखाली पुष्कळ काही लपवता येते, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. कोणाचे नुकसान केले असेल, पैसे बुडवले असतील, खोटे बोलून एखाद्याचे नाव खराब केले असेल, तर मत्तयच्या पाचव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्या माणसाकडे जावे. याकोब बेथेलला, म्हणजे ज्या ठिकाणी देव त्याला प्रथम भेटला होता तेथे, परत निघाला तेव्हा घरातल्या मंडळींनी आपल्याजवळचे परके देव आणि कानांतली कुंडले त्याच्या हाती दिली व त्याने ती शखेमाजवळच्या झाडाखाली पुरली. तुमच्या बाबतीत पुरायचे काय आहे हे तुम्हालाच ठाऊक; रात्रीचा मोबाइल हा त्यात असावा असा, तुमचे पत्र वाचून, माझा अंदाज आहे.

रोजच्या नियमाविषयी थोडक्यात लिहितो, कारण यात गूढ काही नाही. एक ठरलेली जागा आणि दिवसातली एक ठरलेली वेळ घ्या, दहा मिनिटांहून अधिक नको. एक स्तोत्र मोठ्याने वाचा; आपलाच आवाज कानांवर पडल्याने भरकटणारे मन पुष्कळ अंशी थांबते. स्तोत्रे दीडशे आहेत, रोज एक याप्रमाणे पाच महिने पुरतील. बरोबर मार्ककृत शुभवर्तमानातील एक लहान परिच्छेद वाचा, ते अवघे सोळा अध्यायांचे आहे आणि येशूला बोलताना, चालताना, थकलेला पाहायला त्याच्याइतके बरे पुस्तक नाही. नंतर दोन-तीन मिनिटे गप्प बसा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका; चुकलेला दिवस गेला, त्याची थकबाकी नसते. रात्री झोपण्यापूर्वी येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात शिकवलेली पद्धत उपयोगी पडते : दिवस आठवून पाहावा, त्यात देवाचा हात कोठे दिसला आणि आपण त्याच्यापासून कोठे तोंड फिरवले हे शोधावे, आभार मानावेत, क्षमा मागावी. त्यांचाच आणखी एक नियम आहे. मन उदास व कोरडे असताना, ते भरलेले असताना घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. हा नियम लिहून त्या वहीच्या पहिल्या पानावर लावून ठेवा, कारण दुसऱ्या महिन्यात त्याची गरज पडेल.

उपासनेला जाणे बहुतेकांना प्रार्थनेपेक्षाही अवघड जाते. 'इतके दिवस कोठे होता?' हा प्रश्न तेथे कोणी तरी विचारणारच, आणि विचारणाऱ्यांत उधळ्या पुत्राच्या परतण्यावर रागावलेल्या त्याच्या थोरल्या भावाच्या सुरात विचारणारेही असतील. त्यांच्यासाठी एक खरे व आखूड उत्तर आधीच तयार ठेवा. 'दूर गेलो होतो, परत आलो आहे' एवढे पुरे, यापुढची कहाणी सगळ्यांना सांगणे बंधनकारक नाही. मात्र एका माणसाला ती पूर्ण सांगा, पाळकांना किंवा वयाने व विश्वासाने पोक्त अशा कोणाला तरी, आणि पुढचे काही महिने दर आठवड्याला त्यांना भेटत जा. एकट्याने परतणारी माणसे मी पाहिली आहेत, पण फार थोडी. प्रभूभोजनाविषयी प्रत्येक पंथाची शिस्त वेगळी आहे, तेव्हा ते आपल्या पाळकांना विचारूनच घ्यावे.

आता येशूचा शिष्य पेत्र याच्याविषयी, कारण तुमच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर मला त्याच्यात दिसते. योहानकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता आणि तेथे त्याने प्रभूला नाकारले. एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तो समुद्रातून किनाऱ्यावर आला तेव्हा समोर कोळशांचा विस्तव आणि त्यावर मासळी ठेवलेली होती. या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. प्रभूने त्याला आधी खाऊ घातले आणि मग त्याच धगीपाशी, जितक्या वेळा त्याने नाकारले तितक्या वेळा, विचारले : तू माझ्यावर प्रीती करतोस काय? का नाकारलेस, असे विचारले नाही. पुन्हा तसे करणार नाहीस ना, असेही नाही. आणि पेत्राची उत्तरे पाहा. 'सगळे तुला सोडून गेले तरी मी जाणार नाही' असे म्हणणारा पेत्र तेथे नव्हता. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो दुःखी झाला आणि म्हणाला की प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे. स्वतःच्या प्रीतीची साक्ष देताना तो आता स्वतःच्या मनाकडे बोट दाखवत नव्हता. पूर्वीसारखा पेत्र परत आला नाही, आणि प्रभूने 'माझी मेंढरे' म्हणून सोपवलेली माणसे त्या जुन्या पेत्राच्या हवाली केली गेली नाहीत. तुमचाही जुना उत्साह परत येईल की नाही हे मी सांगू शकत नाही. माझा बराचसा परत आला नाही. त्या जागी जे आले ते अधिक शांत आहे आणि माझ्या मनःस्थितीवर कमी अवलंबून आहे.

त्या संध्याकाळी मी लहान शास्त्र घेऊन पलंगाच्या कडेवर बसलो तेव्हा पुन्हा उत्पत्तीपासून आरंभ करावा, असा विचार मनात आला होता. नवी सुरुवात म्हटली की तसे सुचते. पण फीत यिर्मयाच्या पंधराव्या अध्यायात होती, म्हणून तेथूनच वाचले. अठराव्या वचनात संदेष्टा देवालाच फसव्या ओढ्यासारखा म्हणतो, ज्याचे पाणी टिकत नाही. पुढच्याच वचनात देव त्याला सांगतो की तू परत फिरशील तर मी तुला परत आणीन आणि तू माझ्यासमोर उभा राहशील. डोळे भरून आले, असे काही झाले नाही. मी समासात जुन्या तारखेखाली नवी तारीख घातली, दुसऱ्या दिवशी सोळावा अध्याय वाचला आणि फीत पुढे सरकवली. पहिल्यांदा मनापासून बोललो असे वाटले ते त्यानंतर जवळजवळ चार महिन्यांनी, तेही रस्त्याने चालताना, एका क्षुल्लक गोष्टीसाठी आभार मानताना.

राहिला गायनवृंदाचा प्रश्न. मंडळीत चांगल्या आवाजाची माणसे कमी असतात, त्यामुळे तुम्ही दारात दिसताच तुम्हाला बोलावणे येईल आणि नाही म्हणणे जड जाईल, तरी सध्या नाही म्हणा. उभे राहून इतरांना उपासनेत नेण्याची सेवा हातात असली की आतले रिकामेपण झाकले जाते. माझ्या सात महिन्यांत नेमके तेच झाले होते. निदान सहा महिने मागच्या बाकावर बसा, गीतपुस्तक हातात घ्या आणि इतरांबरोबर गा. ज्या ओळी आज खऱ्या वाटत नाहीत त्या ओळींना गप्प राहिलात तरी हरकत नाही. सहा महिन्यांनी ज्यांना तुम्ही सगळी कहाणी सांगितली आहे त्यांनाच विचारा की आता गायनवृंदात जाऊ का, आणि ते 'अजून थांबा' म्हणाले तर थांबा.